सुलट दिसणारी अक्षरं

"ही लाल अक्षरं काय म्हणतायत?" वडनाल मालकांनी पडद्याकडे बोट करत विचारलं.

"ओळखत नाही म्हणतायत," मी म्हटलं.

"कुणाला ओळखत नाही?"

"तुमचा प्रोग्राम ज्या नावाने हाका मारतोय, त्या नावाचं आता त्या घरात कुणी राहतच नाही."

माझ्या खुर्चीमागे बुर्ला साहेब हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी घसा खाकरला. "व्हर्जनचा प्रॉब्लेम आहे, मालक. मी सोमवारपासून तेच सांगतोय."

सोमवारपासून सांगत होता म्हणे! शुक्रवार उजाडला तरी त्याच्याच्याने एक ओळ हलली नव्हती. म्हणून तर मला पुण्याहून बोलावणं आलं. फोनवर "नागमणी मॅडम" म्हणाला. मॅडम! आठ वर्षांपूर्वी ह्याच माणसाने मला ह्याच कारखान्याच्या फाटकातून चोर म्हणून बाहेर काढलं होतं. मी फोनवर चकार शब्द वाढवला नाही. "येते," म्हणाले, रजा टाकली आणि एसटीने सोलापूर गाठलं. तोंडावर मी त्याला साहेब म्हणायची, सर म्हणायची. मनात तो नुसता बुर्ला होता, आणि पुढे जे मी मनात म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी दुरुस्तीला आलेय असं सगळ्यांना वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मी सूड घ्यायला आले होते. कसा घेणार ते मात्र सकाळी अकरा वाजेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

आता हे सगळं नीट सांगायला हवं. मी दुरुस्तीला आले त्याला आता बारा वर्षं झाली. कारखाना भिंतीवर लावायच्या विणलेल्या चित्रांचा. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड नावाचं यंत्र असतं, त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ लावतात. पुठ्ठ्यावर जिथे भोक, तिथे धागा उचलला जातो, आणि असं एकेका धाग्याने मोर उमटतो, दीपमाळ उमटते. पूर्वी एकेक चित्र चौकटीच्या कागदावर हाताने रंगवायला महिना महिना जायचा. डिप्लोमा करून मी इथे लागले आणि दोन वर्षं डोकं फोडून पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला. चित्र आत घाला, तो पडद्यावर चौकोन चौकोन करून दाखवणार आणि कुठल्या पुठ्ठ्यावर कुठे भोक पाडायचं ते छापून देणार. चोवीस वर्षांची होते मी. जमिनीवर पाय नव्हते माझे.

बुर्ला डिझाइन विभागाचा प्रमुख होता. प्रोग्राम धावायला लागला त्याच महिन्यात माझं कमळजोडीचं नवंकोरं चित्र आमच्या आधी दुसऱ्याच कारखान्याच्या मागावर चढलं. बुर्लाने मालकांना सांगितलं, नागमणीने विकलं. चार वाजता एक पाळी सुटते आणि दुसरी आत येते, तेव्हा फाटकात जत्रा असते. त्या गर्दीत वॉचमनने माझी बॅग जमिनीवर पालथी केली. डबा, कंगवा, वही, आणि बाईमाणसाच्या बॅगेत महिन्यातले चार दिवस जे असतं तेही. सव्वाशे माणसं बघत होती.

त्यांत माझे नाना होते. नाना म्हणजे माझे वडील, राजय्या दासरी, चौदा नंबरच्या मागावरचे विणकर. ते पुढे आले, उकिडवे बसले, एकेक वस्तू उचलून झटकून बॅगेत भरली. तोंडातून शब्द काढला नाही. घरी आल्यावरही नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे डबा घेऊन कामावर गेले. मी काय समजायचं? मी समजले की नानांना ते खरं वाटलं. साहेब माणूस कशाला खोटं बोलेल, असं वाटलं असणार. लोकांचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. आपल्या बापाला आपण चोर वाटतो, हे मात्र जिव्हारी लागलं, आणि ते घेऊन मी आठ वर्षं पुण्यात काढली. फोनवर आमचं बोलणं "जेवलीस का" आणि "बरं आहे" ह्याच्या पलीकडे गेलं नाही. मध्ये समेट करायला आई पण नव्हती, ती मी पाचवीत असतानाच गेली.

माझ्या मागे प्रोग्राम बुर्लाचा झाला. उघडला की पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत, "निर्मिती : दि. वि. बुर्ला."

"मला कळेल असं सांग बाई," मालक म्हणाले.

"मालक, सरांचा प्रोग्राम स्वतः चित्र काढत नाही," मी म्हटलं. 'सरांचा' म्हणताना जीभ अडखळू दिली नाही. "चित्र काढायच्या तयार आज्ञांचा एक साठा असतो, लायब्ररी म्हणतात त्याला, तिची भाषा वेगळी. दोघांच्या मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला बाइंडिंग म्हणतात. तुमचा जुना कॉम्प्युटर मेला, नव्यावर लायब्ररी नवी आली. दुभाष्या आठ वर्षांपूर्वीचाच राहिला. तो जुन्या नावांनी हाका मारतोय, आणि ती नावं नव्या लायब्ररीने केव्हाच काढून टाकलीत."

"मग जुनी लायब्ररी आण की."

"ह्या मशीनवर ती बसत नाही, सगळ्यात आधी तेच करून बघितलं. दुभाष्या नवा घालायचा आणि प्रोग्राममधल्या हाका एकेक करून बदलायच्या."

"तीन वाजेपर्यंत नमुना मागावरून उतरायला पाहिजे," मालक म्हणाले, आणि कपाळावरचा घाम पुसला. एका जुन्या शिक्षण संस्थेला शंभर वर्षं होत होती. आल्यागेल्याला भेट द्यायला त्यांना शाळेच्या इमारतीचं चित्र विणून हवं होतं, खाली अक्षरं 'शताब्दी वर्ष'. मालकांनी छातीवर हात मारून शब्द दिला होता आणि तीन वाजता संस्थेचे विश्वस्त नमुना बघायला येणार होते. इतकं मोठं काम कारखान्याला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"होईल," मी म्हटलं.

कामाला लागले. एक्केचाळीस ठिकाणी जुनी नावं होती. माझीच अक्षरं म्हणा ना ती, आठ वर्षांनी भेटत होती. काही नावं नुसती बदलली होती, काही आज्ञांचे दोन तुकडे झाले होते, तीन तर साफ नाहीशा झाल्या होत्या, त्यांचं काम हाताने लिहावं लागलं. बुर्ला मधूनमधून मागून डोकावायचा आणि "हं, हं, तेच" म्हणायचा. अकराच्या सुमाराला लाल अक्षरं गेली आणि पडदा पांढराफटक झाला.

"घ्या! होतं तेही घालवलं हिने!" बुर्ला ओरडला.

"रंग, सर. पूर्वी रंग शून्य ते दोनशे पंचावन्न असा मोजायचे, आता शून्य ते एक मोजतात. आपण शंभर म्हटलं की ती समजते, ओता किती ओतायचा तो. म्हणून सगळं पांढरं." दोनशे पंचावन्नने भाग दिला आणि रंग जागेवर आले. मालकांच्या जिवात जीव आला. मी बुर्लाकडे वळले. "सर, एक विचारायचं होतं. प्रोग्राम लिहिताना तुम्ही शून्य कुठे धरलं होतं?"

"शून्य?"

"मोजायला सुरुवात कुठून केली होती? वरच्या कोपऱ्यातून की खालच्या?"

मालकांनीही मान वळवून त्याच्याकडे बघितलं. बुर्लाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "शून्य ना? मधोमध," तो म्हणाला.

"हो का? बरं झालं विचारलं," मी म्हटलं, आणि चित्र पडद्यावर आणलं.

शाळा डोक्यावर उभी होती. नव्या लायब्ररीत शून्य खालच्या कोपऱ्यात गेलं होतं, त्यामुळे वरचं खाली आलं होतं. अक्षरंही उलटी लटकलेली, पण मान वाकडी केली की स्वच्छ वाचता येत होती, 'शताब्दी वर्ष'. ती तशी वाचता येतायत हे लक्षात आलं आणि मला अशी काही आनंदाची उकळी फुटली की विचारू नका.

का, ते सांगते. आमच्याकडे ही चित्रं पालथी विणतात. चांगली बाजू खाली, तिला पोट म्हणायचं. विणकराला वरून दिसते ती पाठ, लोंबत्या धाग्यांची. तसं विणलं की कमी धागे उचलावे लागतात, माग हलका चालतो. म्हणून विणकराच्या डोळ्यासमोर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसली पाहिजेत, तरच गिऱ्हाइकाकडून सुलट येतात. हे मला नानांनी शाळेच्या वयात मागाशेजारी उभं करून दाखवलं होतं. म्हणून प्रोग्राममध्ये मी पडद्यावर मुद्दाम पाठच दाखवायची ठेवली होती, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. आठ वर्षं ह्यांनी जोडीचे मोर विणले, दिवे विणले, कमळं विणली. सगळी दोन्हीकडून सारखी. कुणाला पत्ताही लागला नाही. अक्षरं पहिल्यांदाच येत होती.

आता खरा इलाज सोपा होता. डावं-उजवं आहे तसं ठेवून नुसतं खालचं वर करायचं. पडद्यावर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसली असती, आणि तेच बरोबर होतं. पण तेच चित्र जर कुणी चाकासारखं अर्धा फेरा फिरवलं, तर पडद्यावर अक्षरं झकास सुलट दिसणार आणि विणून निघाल्यावर उलटी. कोणताही विणकर हे झोपेतसुद्धा सांगेल. बुर्ला विणकर नव्हता. मालकीणबाईंच्या माहेरच्या नात्यातून आला होता, आणि माग त्याने आयुष्यभर केबिनच्या काचेतून बघितला होता.

मी खुर्ची बाजूला सरकवली आणि साहेबांना नीट बघू दिलं.

"डोक्यावर उभं राहिलंय," बुर्ला म्हणाला. "अर्धा फेरा फिरव, झालं."

"फिरवू? नुसतं फिरवू, सर?"

"मग काय, हळदकुंकू लावून फिरवणार?"

मालक हसले. मी पण हसले. "तसं नाही. विचार करून सांगा. विणायच्या दृष्टीने."

"नागमणी, तू इथे सांगितलेलं करायला आली आहेस. शिकवायला नाही."

"प्रोग्राम तुमचा आहे सर, तुम्हालाच जास्त माहीत. म्हणून विचारते, नक्की फिरवू?"

"अरे फिरव म्हणतो ना!"

तीनदा विचारलं. मी मोकळी झाले. "मग चिठ्ठी द्या," मी म्हटलं.

ही चिठ्ठी त्याचीच करणी होती. कमळजोडीच्या भानगडीनंतर बुर्लाने नियम काढला होता की डिझाइन प्रमुखाच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय पुठ्ठ्याला एक भोक पाडायचं नाही. चोर पकडायला म्हणे, सकाळी आल्या आल्या मलाही ऐकवला होता. मालकांसमोर त्याने ऐटीत पेन काढलं आणि लिहिलं, 'चित्र अर्धा फेरा फिरवून सरळ करणे.' खाली लांबलचक सही. मी ती घडी करून पर्समध्ये ठेवली.

एक वाजता पुठ्ठे पाडून झाले, दोनला माळ मागावर चढली. कुठल्या मागावर? चौदा नंबरच्या. नमुन्याचं काम कारखान्यात नानांशिवाय कुणाकडे द्यायचे नाहीत. मी शेडमध्ये गेले. नानांनी मला बघितलं, मान हलवली, आणि मागाची दांडी ओढली. शाळेच्या चित्राची खालची बाजू आधी विणली जात होती, म्हणजे अक्षरं पहिल्यांदा. मी खांबाला टेकून उभी राहिले. चार बोटं विणून झाली असतील नसतील, नानांनी माग थांबवला.

वाकून बघितलं. लोंबत्या धाग्यांतून अक्षरं त्यांना सुलट दिसत होती. त्यांनी बोटाने धागे बाजूला केले, पुन्हा बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि नजर हलवली नाही. त्यांना सगळं कळलं होतं. एक हाक मारली असती तर मागांची देखभाल करणारा जॉबर धावत आला असता.

नानांनी दांडी ओढली. माग पुन्हा चालू झाला.

काय सांगू मला काय वाटलं ते! आठ वर्षांत पहिल्यांदा माझा बाप माझ्या बाजूने उभा होता. डोळे भरून आले. घाईघाईने बाहेर जाऊन मी नळावर तोंड धुतलं.

तीन वाजता विश्वस्त आले. दोघं होते, त्यांतले एक निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचे. मालकांनी खुर्च्या मांडल्या, चहा आला, आणि बुर्लाने स्वतःच्या हाताने नमुना त्यांच्यासमोर उलगडला. "आमच्याच प्रोग्रामवर केलेलं आहे हं, सर. मी स्वतः लिहिलेला," तो म्हणाला.

मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला. चित्र जवळ घेतलं, लांब धरलं. "घंटेचा मनोरा आमच्याकडे डावीकडे आहे," ते म्हणाले. "इथे उजवीकडे दिसतोय. आणि हे खाली काय लिहिलंय? कुठली लिपी ही?"

मालकांनी वाकून बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या विश्वस्ताने कापड उलटून पाहिलं, धाग्यांच्या जंजाळात 'शताब्दी वर्ष' वाचलं आणि खो खो हसत सुटला. "वडनाल शेठ, भिंत काचेची करून घ्यावी लागेल आम्हाला, पलीकडून वाचायला!"

मालक त्यांना पाहुण्यांच्या खोलीत बसवून आले. आले ते थेट माझ्यावर. "हे काय करून ठेवलंस तू?"

"बघा!" बुर्लाला तर बळच आलं. "मी म्हणत होतो ना मालक, हिने डूख धरलाय म्हणून. मुद्दाम केलंय हिने!"

मी पर्स उघडली आणि चिठ्ठी मालकांच्या हातात ठेवली. त्यांनी वाचली. पुन्हा वाचली.

"सही तुझी आहे ना, दिवाकर?"

"आहे, पण हिने सांगायला नको?"

"तिने तीनदा विचारलं. मी इथेच होतो." मालकांचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की कारखाना चळचळा कापायचा. "प्रोग्राम तुझा. मग तुला कसं कळलं नाही?"

मी कीबोर्ड उचलून बुर्लासमोर ठेवला. "सर, पोटाची पाठ करण्याची ओळ ह्या प्रोग्राममध्ये एकच आहे. तेवढी मालकांना दाखवा. तुम्हीच लिहिली आहे."

त्याने खुर्ची ओढली. वर गेला, खाली गेला. पुन्हा वर गेला. मला घाई नव्हती. आठ वर्षं थांबले होते, आणखी पाच मिनिटं थांबायला मला मजा येत होती. त्याच्या कानामागून घामाचा ओघळ कॉलरमध्ये जाईपर्यंत मी बघत राहिले. मग हात पुढे करून एक कळ दाबली. "ही बघा, मालक. आज्ञेचं नाव इंग्रजीत लिहिलंय. वाचा."

मालकांनी अडखळत वाचलं. "नाना... साइड. नानांची बाजू? कोण नाना?"

"चौदा नंबरच्या मागावर उभे आहेत."

मालक बुर्लाकडे बघत राहिले आणि बुर्ला टेबलाकडे. "म्हणजे प्रोग्राम हिचा," मालक शेवटी म्हणाले. "आणि कमळजोडी? तेही असंच काहीतरी होतं का रे?"

बुर्लाने चष्मा काढला आणि पुन्हा पुसायला घेतला.

"बाई," मालक माझ्याकडे वळले, "सुलट करायला किती वेळ लागेल? पाहुण्यांना मी सहापर्यंत थांबवतो."

"एक ओळ आहे. पण आधी माझं एक काम. चार वाजता फाटकात, दोन्ही पाळ्यांसमोर, साहेबांनी सांगायचं. माझी बॅग जिथे ओतली तिथे."

"नागमणीने विकलं नाही, एवढं म्हणतो मी," बुर्ला पुटपुटला. "जाऊ दे आता. झालं गेलं."

"एवढं नाही. कुणी विकलं ते. कसं विकलं ते. सगळं. अर्धं चालणार नाही मला."

"सगळं?" त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "नको म्हणशील तू."

"सगळं," मी म्हटलं. घाबरला मेला, असं वाटून मला आणखीच चेव आला.

"फाटकात बोल, दिवाकर," मालक म्हणाले, "नाहीतर चौकीत बोल."

चार वाजले. भोंगा झाला. जाणारे आणि येणारे फाटकात थबकले, कारण मालक स्वतः खाली उतरलेत हे नवलच होतं. मी मुद्दाम त्याच जागी उभी राहिले, वॉचमनच्या खोलीपुढे. नाना हातात डब्याची पिशवी घेऊन गर्दीच्या कडेला होते. मला त्यांचा चेहरा दिसायला हवा होता. बाकी कुणाचा नाही. माझ्या बापाला ऐकू येईल असं बुर्लाने बोलायचं, ह्यासाठी मी जीव टाकत होते.

"कमळजोडीचं चित्र नागमणीने विकलं नव्हतं," बुर्ला म्हणाला. "मी दिलं होतं."

गर्दीतून एकच कालवा उठला. कुणीतरी शिवी हासडली. बायकांमधून कुणी म्हणालं, "बघ गं, पोरीच्या नावाला काळं फासलं मेल्याने!" मी ताठ उभी होते. हे ऐकायला मी जन्मले होते असं वाटलं.

"मोठ्याने बोल," मालक म्हणाले.

"मी दिलं होतं!" बुर्ला ओरडला. मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "सगळं सांग म्हणालीस ना? अर्धं चालणार नाही? मग चित्राचं पाकीट त्या कारखान्यात नेऊन कुणी दिलं तेही ऐक. मी काही स्वतः गेलो नव्हतो. राजय्या, तू सांगतोस का मी सांगू?"

सगळ्या माना वळल्या. नानांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"मी नेलं," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापुढे गेले. "तुम्हाला काय माहीत त्यात काय होतं ते! ह्याने फसवून दिलं असेल."

"रंगाचे नमुने आहेत म्हणाले साहेब. सायकलवर नेऊन दिलं. नेताना माहीत नव्हतं मला."

"मग? कधी कळलं?"

नाना खाली बघत होते. "दुसऱ्या दिवशी. तिकडच्या मागावर कमळ बघितलं एकाने, तेव्हा."

"माझी बॅग ओतली त्याच्या आधी?"

"आधी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी काही केलं नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं."

"साहेब म्हणाले, तोंड उघडलंस तर तूच चोर ठरशील. पोरगी शिकलेली आहे, तिला छप्पन्न नोकऱ्या. तुला कोण घेणार ह्या वयात?" त्यांनी मान वर केली. "मला दुसरं काय येतं गं? मागाशिवाय?"

सव्वाशे माणसं बघत होती. ह्या वेळी बॅग माझी नव्हती इतकंच.

म्हणजे नानांनी मला कधी चोर मानलंच नव्हतं. आठ वर्षं मी जे उराशी धरून रडले ते खोटं होतं, आणि जे खरं होतं ते त्याहून वाईट होतं. माझा कंगवा, वही गोळा करत होते तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि मूग गिळून बसले होते. मी वळले आणि तडक वर कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले.

थोड्या वेळाने मालक आले. बुर्लाला त्यांनी फाटकातूनच घालवलं होतं. त्यांच्या मागे नाना होते, ते दारातच थांबले.

"राजय्याचं काय करू?" मालक म्हणाले. "माल बाहेर नेणाऱ्याला मी ठेवत नाही, तुला माहीत आहे. पण नेताना त्याला ठाऊक नव्हतं, आणि तीस वर्षं काढली आहेत त्याने इथे. तुझ्यावर अन्याय झालाय, तर तूच सांग. तू राहू द्या म्हण, मी राहू देतो."

राहू द्या. दोन शब्द होते. नाना माझ्याकडे बघत होते. हात जोडले नाहीत, नुसते बघत होते.

मी पडद्याकडे तोंड केलं. फेऱ्याची ओळ काढली, खालचं वर केलं. शाळा पायांवर उभी राहिली आणि तिच्या पायथ्याशी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी लागली.

"झालं," मी म्हटलं. "पुठ्ठे पाडायला घ्या."

मालक थांबले होते. "आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

त्यांनी आणखी थोडी वाट बघितली. मग म्हणाले, "राजय्या, उद्यापासून येऊ नकोस."

नानांना मी पुण्याला आणलं. नऊ वर्षं ते माझ्याकडे होते. वेळेवर जेवण, वेळेवर औषध, थंडीत नवं पांघरूण, कशात कसूर केली नाही मी. शेजारीपाजारी म्हणायचे, लेक असावी तर अशी. माग हातून गेल्यावर त्यांच्या हातांना करायला काही उरलं नाही, दुपारभर गॅलरीत बसून सदऱ्याचे सुटलेले धागे ओढत बसायचे. मी ते बघायची आणि मला बरं वाटायचं. मग बरं वाटल्याची लाज वाटायची. दुसऱ्या दिवशी परत बरं वाटायचं. त्या दिवशी तू गप्प का बसलीस, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

शेवटच्या आजारात, एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे घेतले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"नागू," ते म्हणाले, "आता तरी गेला का गं राग?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? मरणाच्या दारातला म्हातारा. कुणीही हो म्हणालं असतं.

"नाही, नाना," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले, आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.